हळद पॉलिश आणि मळणीच्या कामात इअरप्लगचा योग्य वापर

वाई परिसरात हळदीची काढणी, शिजवणी आणि वाळवणी आटोपली की पॉलिशचे काम निघते. ट्रॅक्टर किंवा मोटारीवर फिरणाऱ्या लोखंडी ड्रममध्ये वाळलेली हळकुंडे आपटत राहतात. धूळ दिसते, म्हणून तोंडाला रुमाल बांधला जातो. कान मात्र उघडेच राहतात. गहू, ज्वारी, सोयाबीनच्या मळणीतही हीच स्थिती असते.

हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावे लागत असेल, तर आवाज साधारण ८५ डेसिबलच्या वर आहे असे समजावे. ८५ डेसिबलला दिवसाकाठी ८ तास ही शिफारस केलेली मर्यादा आहे. पुढे दर ३ डेसिबलला हा वेळ निम्मा होतो. ९४ डेसिबलला उरतो फक्त १ तास. आतल्या कानातील नाजूक पेशी एकदा मेल्या की पुन्हा येत नाहीत. त्यावर औषध नाही.

कापसाचा बोळा उपयोगाचा नाही. मोबाईलचे इअरफोन लावून गाणी ऐकणे तर आणखी वाईट, कारण यंत्रावर मात करायला आवाज वाढवला जातो.

फोमचा इअरप्लग बहुतेक जण नुसता कानाच्या तोंडाशी टेकवतात. तसा तो जवळजवळ निरुपयोगी असतो. आधी हात साबणाने धुवावेत, हळदीची भुकटी कानात जाऊ देऊ नये. प्लग बोटांनी वळून वातीसारखा बारीक करावा. दुसरा हात डोक्यामागून आणून कान वर व मागे ओढावा, म्हणजे कानाची नळी सरळ होते. प्लग लगेच आत सरकवून फुगेपर्यंत, साधारण अर्धा मिनिट, बोटाने धरून ठेवावा. नीट बसला असेल तर स्वतःचा आवाज घागरीत बोलल्यासारखा घुमतो. यंत्र चालू असताना दोन्ही कानांवर तळवे दाबून पाहावेत. आवाज आणखी बराच कमी झाला, तर प्लग पुन्हा बसवावा.

प्लग घातल्यावर हाक ऐकू येत नाही, आणि मळणी यंत्राजवळ हे धोक्याचे आहे. म्हणून काम सुरू करण्यापूर्वीच 'थांबवा' यासाठी हाताची खूण ठरवावी. यंत्र बंद करू शकणाऱ्या माणसाची नजर पेंढ्या घालणाऱ्यावर असावी. दोरीचे प्लग पट्टा आणि शाफ्टजवळ टाळावेत. रस्त्यावर ट्रॅक्टर चालवताना प्लग काढून ठेवावेत.

काढताना आवाजापासून दूर जावे आणि प्लग हळूहळू पिळत बाहेर घ्यावा. झटका दिल्यास पडद्याला इजा होऊ शकते. मळलेला किंवा कडक झालेला फोम धुवून वापरू नये, टाकून द्यावा. रबरी प्लग साबणाने धुवून, वाळवून पुन्हा चालतात. एकाचा प्लग दुसऱ्याने वापरू नये.

कान वाहत असेल, दुखत असेल किंवा पडद्याला छिद्र असेल तर प्लग घालू नये. कान झाकणारे इअरमफ वापरावेत आणि डॉक्टरांना दाखवावे. संध्याकाळी कानात शिट्टीसारखा आवाज येत राहिला, किंवा घरचे टीव्हीचा आवाज कमी करायला सांगू लागले, तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून श्रवण तपासणी करून घ्यावी.