कुठे उतरलात?

परगावाहून आलेल्या माणसाला मराठीत विचारतात, ‘कुठे उतरलात?’ गुजरातीत मुक्कामाच्या जागेला ‘उतारो’ म्हणतात. कन्नड आणि तेलुगू भाषांतही पाहुणा हॉटेलात उतरतोच. हिंदीत तो ‘ठहरता’ है, म्हणजे थांबतो. बंगालीत मात्र तो वर चढतो. ‘कोन होटेले उठेछेन?’ या प्रश्नातले क्रियापद उठण्याचे, चढण्याचे आहे. एकाच रात्रीच्या एकाच खोलीसाठी कुणी खाली येतो, कुणी वर जातो, कुणी जागच्या जागी राहतो. अनुवादकाला अशा जागा आवडतात, कारण तिथे शब्दकोश मिटून विचार करावा लागतो.

पण हा सगळा झाला आपल्या माणसांनी विचारायचा प्रश्न. हॉटेलच्या काउंटरवरचा माणूस तो विचारत नाही. तो विचारतो, ‘आपण कोण?’ मोठ्या पंचतारांकित हॉटेलात हा प्रश्न गुळगुळीत होऊन येतो, धर्मशाळेत दाराशीच येतो. मधल्या दर्जाच्या, वीस-पंचवीस खोल्यांच्या, स्टेशनजवळच्या हॉटेलात तो नोंदवहीच्या रकान्यांतून येतो. या लहान हॉटेलांचा इतिहास कुणी लिहिला, तर तो खाटांचा आणि भाड्याचा असण्याआधी या प्रश्नाचा असेल, असे मला वाटते.

माझे अर्धे आयुष्य अशा खोल्यांत गेले आहे. परिसंवाद, कार्यशाळा, एखाद्या लेखकाची भेट. आयोजकांचे बजेट बेताचे असते आणि त्या बजेटला देशभर एकाच मापाची खोली मिळते. दार उघडले की पलंग, पलंगाला लागून भिंत, भिंतीवर टीव्ही, आणि खिडकी असलीच तर ती शेजारच्या इमारतीच्या पाइपांकडे तोंड करून. खाली रहदारी रात्रभर चालू. तरी अशा खोलीत मला बरे वाटत आले आहे. पैसे भरले, सही केली, किल्ली मिळाली. त्या रात्रीपुरती मी कुणाची कोण हे कुणाला सांगायला नको.

हे सुख फार जुने नाही. एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईत अनोळखी माणसाची सोय होती, पण ती त्याच्या ओळखीवर होती. ज्ञातीच्या वाड्या, जैनांच्या धर्मशाळा, हज यात्रेकरूंचे मुसाफिरखाने, गाववाल्यांचे गाळे. शहरात पाऊल टाकणाऱ्याने आधी आपली जात, धर्म, गाव सांगायचे आणि मग त्या नावाच्या दारी जायचे. युरोपियनांनीही वेगळे काही केले नाही. काळा घोड्याजवळचे वॉटसन हॉटेल १८७१मध्ये सुरू झाले ते गोऱ्यांसाठीच. १८९६च्या जानेवारीत मार्क ट्वेन तिथे उतरला होता. एका गोऱ्या व्यवस्थापकाने काही न सांगता-विचारता नोकराच्या तोंडात मारलेली त्याने पाहिली, आणि त्याला आपल्या लहानपणीचे गुलामगिरीतले अमेरिकेचे दिवस आठवले. ‘फॉलोइंग द इक्वेटर’ या प्रवासवर्णनात हा प्रसंग आहे. त्या हॉटेलाविषयी पुष्कळ लिहिले गेले, पण पाहुण्याने नोकराकडे पाहून लिहिलेली ही नोंद मला सर्वांत मोलाची वाटते.

या दोहोंच्या मधे एक तिसरी जागा हळूहळू तयार झाली. पाटीवर लिहिलेले असायचे, ‘राहण्याची व जेवणाची उत्तम सोय’. तिला कुणी ‘गृह’ म्हणाले, कुणी ‘आश्रम’. गिरगावातला माधवाश्रम, क्रॉफर्ड मार्केटजवळचे सरदारगृह. नावे घरगुती, व्यवहार रोखीचा. कोर्टाच्या कामासाठी आलेला पक्षकार, परीक्षेला आलेला विद्यार्थी, माल घ्यायला आलेला व्यापारी, सभेला आलेला पुढारी, असे सगळे एका जिन्याने वर जात. लोकमान्य टिळक मुंबईत आले की सरदारगृहात उतरत. तिथेच १ ऑगस्ट १९२०च्या मध्यरात्रीनंतर त्यांचे निधन झाले. सरदारगृहासमोर भर पावसात माणसांचा समुद्र लोटला आणि तिथून निघालेली अंत्ययात्रा चौपाटीवर गेली. ज्याचे पुण्यात घर होते, वाडा होता, त्या माणसाचा शेवट मुंबईतल्या भाड्याच्या खोलीत झाला. पुढे त्या रस्त्यालाच टिळकांचे नाव मिळाले. अशा खोलीचे वैशिष्ट्य हेच की ती कुणाची नसते, म्हणून कुणाचीही होऊ शकते.

कुणाचीही? इथे थांबायला हवे.

टिळक गेले त्याच्या तीन वर्षे आधी, १९१७मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकर लंडनहून परतून बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. शहरात अस्पृश्याला जागा मिळेना. हिंदू हॉटेलात प्रवेश नव्हता. एक पारशी सराय होती. पारशी धर्मात अस्पृश्यता नाही, या भरवशावर ते तिथे गेले. व्यवस्थापकाच्या लक्षात आले की अंगात सदरा नाही, कमरेला कस्ती नाही. सराय फक्त पारशांसाठी होती. पण तिथे दुसरा कुणी पाहुणाही नव्हता आणि व्यवस्थापकाला भाडे हवे होते. तोड निघाली ती नोंदवहीतून. नोंदवहीत पारशी नाव लिहायचे, म्हणजे झाले. कोलंबिया विद्यापीठ आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स इथे शिकलेला माणूस खोट्या नावाने वरच्या मजल्यावरच्या एका लहानशा खोलीत राहू लागला. बाहेरच्या दिवाणखान्यात अडगळ, उजेडाला कंदील, बोलायला माणूस नाही. अकराव्या दिवशी सकाळी हातात काठ्या घेतलेले डझनभर पारशी जिना चढून आले आणि संध्याकाळपर्यंत निघून जा म्हणाले. एका हिंदू आणि एका ख्रिस्ती परिचिताकडे आसरा मागून पाहिला. दोन्हीकडे जमले नाही. शेवटी त्यांनी बडोदा सोडून मुंबईची गाडी धरली.

‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या त्यांच्या आत्मकथनपर टिपणांत ही हकीकत आहे. ती अस्पृश्यतेच्या इतिहासात वाचली जाते, आणि ते योग्यच आहे. पण मी ती भारतीय हॉटेलच्या इतिहासातलीही एक मुख्य हकीकत मानते. एका पाहुण्याचा हा अनुभव नोंदवही म्हणजे काय ते जेवढे स्पष्ट सांगतो, तेवढे दुसरे काही सांगत नाही. तिथे खोली होती, भाडे द्यायची तयारी होती, भाडे घ्यायचीही होती. नाव तेवढे जमत नव्हते.

नोंदवहीमागे सरकारही होतेच. १८६७च्या सराय कायद्याने प्रत्येक सरायची नोंदणी सक्तीची केली. हा कायदा वाचनीय आहे. सरायवाल्याने जागा स्वच्छ ठेवावी, कुंपण आणि दरवाजे नीट ठेवावेत, ज्या फांद्यांवरून चोर आत-बाहेर करतील त्या छाटाव्यात, पहारेकरी नेमावेत, दरपत्रक लावावे, आणि तेही मॅजिस्ट्रेट सांगेल त्या भाषांत. बहुभाषक देशात पाहुण्याला दर कळला पाहिजे, ही समज त्यात आहे. सोबत दुसरेही कलम आहे : मॅजिस्ट्रेटने हुकूम केला की उतरलेल्या माणसांची खबर त्याला द्यायची. काळजी आणि पाळत एकाच कायद्यात शेजारी शेजारी बसली आहेत. आजच्या नोंदवहीतले ‘कुठून आलात’, ‘कुठे जाणार’, ‘येण्याचे कारण’ हे रकाने, परदेशी पाहुण्यासाठी चोवीस तासांत भरायचा सी फॉर्म, ओळखपत्राची झेरॉक्स, हे सगळे त्याच वळणाचे. आपण ‘अतिथी’ शब्दाची व्युत्पत्ती अभिमानाने सांगतो की ज्याची तिथी ठरलेली नाही तो अतिथी. नोंदवहीचा पहिला रकाना तारखेचा असतो.

बडोद्याच्या त्या खोलीला उत्तर मिळायला तीन दशके लागली. राज्यघटनेच्या मसुद्यातले नववे कलम २९ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत चर्चेला आले. तेच पुढे पंधरावे कलम झाले. त्याच्या दुसऱ्या उपकलमात म्हटले आहे की केवळ धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान या कारणांवरून दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले यांत कुणालाही मज्जाव करता येणार नाही. पहिले उपकलम सरकारला बांधते. हे दुसरे थेट काउंटरवरच्या माणसालाही बांधते. चर्चेत ‘दुकान’ शब्दाचा अर्थ विचारला गेला, तेव्हा मसुदा समितीचे अध्यक्ष या नात्याने डॉ. आंबेडकरांनी तो व्यापक केला : जिथे सेवा देऊ केली जाते, ती प्रत्येक जागा त्यात येते. हे सांगणारा माणूस कधीकाळी खोट्या नावाने नोंदवहीत सही करून राहिला होता. भाषणात त्याचा उल्लेख करायची गरज नव्हती.

१९५५च्या अस्पृश्यता (गुन्हे) कायद्यात तर अनुवादकाने थबकावे असे एक वाक्य आहे. सार्वजनिक वापराच्या भांड्यांविषयी बोलताना इंग्रजी मसुदा उपाहारगृह आणि हॉटेल यांच्यापाठोपाठ धर्मशाळा, सराय आणि मुसाफिरखाना अशी नावे घेतो. फ्रेंचमधून आलेले दोन शब्द, एक संस्कृत, एक फारसी, एक अरबी-फारसी जोडाचा. एरवी हे शब्द समानार्थी म्हणून शब्दकोशात सुखाने नांदतील. कायद्याला ते सुटे सुटे लिहावे लागले, कारण त्यातला प्रत्येक शब्द म्हणजे एक वेगळे दार होते आणि प्रत्येक दाराला स्वतंत्र कडी होती. एकच शब्द वापरला असता तर बाकीच्यांनी ‘आमचे ते हॉटेल नव्हेच’ म्हटले असते. समानार्थी शब्दांची एवढी गंभीर यादी मला साहित्यात क्वचितच भेटली आहे.

मग आज काय? एका मोठ्या शहरात, रात्री साडेदहाला, आरक्षण हातात असताना मला सांगण्यात आले की एकट्या बाईला खोली देत नाही. ‘मॅडम, आमचे फॅमिली हॉटेल आहे.’ दुसऱ्या शहरात माझ्याबरोबरच्या एका उर्दू कवीने ओळखपत्र पुढे केले आणि दहा मिनिटांपूर्वी मोकळ्या असलेल्या खोल्या भरल्या. आणखी एकीकडे आधारवर त्याच शहराचा पत्ता आहे म्हणून जोडप्याला परत पाठवताना पाहिले. ‘लोकल आयडी चालत नाही.’ काठ्या घेऊन कुणी आले नाही, आवाजही चढला नाही. ‘सॉरी’ म्हणून नोंदवही मिटली गेली. माझे ‘लिंग’ आणि कवीचा ‘धर्म’ हे दोन्ही शब्द पंधराव्या कलमात आहेत, हे मला त्या वेळी ठाऊक होते. रात्री साडेदहाला कलम सांगून खोली मिळत नाही. मिळाली तरी त्या खोलीत झोप लागत नाही.

म्हणून अशा हॉटेलांना नावे ठेवून मोकळे होता येत नाही. मालक सांगतात की पोलीस येतात, शेजारी तक्रार करतात, आम्हाला धंदा करायचा आहे. त्यात तथ्य आहे. बडोद्याच्या व्यवस्थापकालाही धंदाच करायचा होता, आणि तेवढ्यापुरता तो त्याच्या शहरापेक्षा बरा होता. लहान हॉटेल आपल्या गल्लीपेक्षा फार पुढे जाऊ शकत नाही. पण दोन पावले पुढे जाऊ शकते, आणि जिथे गेले तिथे शहर थोडे मोकळे झाले आहे. सरदारगृहाच्या जिन्याने तेवढे केले होते.

मराठीत गावाच्या पत्त्याआधी आपण ‘मु. पो.’ लिहितो. मु. म्हणजे मुक्काम, मूळ अरबी ‘मकाम’. नोंदवहीतल्या ‘कायमचा पत्ता’ या रकान्यातही कितीतरी जण आधी ‘मु.’ असेच लिहितात.

काउंटरमागच्या भिंतीवर दरपत्रक असते, चेक-आउटची वेळ असते, ‘बाहेरचे खाद्यपदार्थ आणू नयेत’ असते. दर लावण्याची सक्ती १८६७पासून आहे. पंधराव्या कलमाचे दुसरे उपकलम २६ जानेवारी १९५०पासून लागू आहे. इतक्या शहरांत, इतक्या काउंटरांवर मी उभी राहिले. ते भिंतीवर लावलेले, कोणत्याही भाषेत, मी अजून पाहिलेले नाही.