बाभूळबनाची आठवण

सागाला कायदा मिळाला, बाभळीला मिळालेला हातचा गेला. आमच्या वऱ्हाडातल्या झाडांचा इतिहास मी असा वाचतो.

1853 च्या तहानं वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आलं. पुढच्या दशकात अमेरिकेत यादवी पेटली, इथल्या कापसाला अचाट भाव आला आणि पडीक रान वखराखाली गेलं. 1867 पर्यंत रेल्वे नागपूरला पोचली. रुळांखाली लाकूड हवं, म्हणून साहेबाची नजर डोंगरावर. मेळघाटातलं बैरागड आणि गुगामाळचं जंगल 1866 मध्येच राखीव झालं. कोरकू आदिवासींच्या फिरत्या शेतीवर गदा आली ती त्यातूनच. कागदोपत्री मुलूख निजामाचाच असल्यानं 1878 चा हिंदुस्थानी वनकायदा इथं सरळ चालत नव्हता. त्यासाठी 1886 मध्ये वऱ्हाडापुरता वेगळा वनकायदा झाला.

त्या व्यवस्थेतली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट डोंगरात नव्हती, खाली काळ्या मातीत होती. सरकारनं सपाटीवर बाभळीची बनं राखली. कापूसमुलखात सरपण आणि अवजारांचं लाकूड आणायचं कुठून, हा प्रश्न त्यामागं होता. बाभळीच्या ओळी लावायच्या, मधल्या जागेत काही वर्षं कपाशी-ज्वारी घ्यायची, अशी लागवड होई. बकऱ्यांनी खाल्लेल्या शेंगांचं बी लेंडीतून पडलं की चांगलं उगवतं, हे गुराख्याला ठाऊक होतंच.

बाभळीशिवाय आमची शेती उभी राहत नव्हती. माझे वडील धुऱ्यावरची बाभूळ तोडण्याआधी सुताराला बोलावत. तो खोडाभोवती फिरे, वाक कुठं आहे ते पाही आणि वखराचं खोड कुठून निघेल, चाकाचे आरे कुठून, हे खडूनं आखून ठेवी. सरळ बुंध्यापेक्षा वाकडा त्याला जास्त पसंत. उरलेलं चुलीला, काटे कुंपणाला, शेंगा बकऱ्यांना.

मग राज्य झालं आणि 1964 चा महाराष्ट्र वृक्षतोड अधिनियम आला. खासगी शेतातलं झाडही परवानगीशिवाय तोडता येणार नाही, हे त्यानं ठरवलं. चांगला कायदा होता. पण तो सगळ्या झाडांना नाही, अनुसूचीतल्या झाडांना लागतो: साग, चंदन, खैर, मोह, चिंच, आंबा, जांभूळ, हिरडा, ऐन, हळदू, अंजन अशा सोळा नावांना. किंजळ आहे, फणस आहे, खाडीतली कांदळवनंसुद्धा आहेत. बाभूळ नाही. कडुनिंबही नाही. पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यात फणस कुणी पाहिला? आमच्या धुऱ्यावर जी दोन झाडं खरोखर उभी असतात, तीच नेमकी यादीबाहेर राहिली. 1975 चा झाडे जतन करण्याचा कायदा तर नागरी भागापुरता.

ट्रॅक्टर आला, लोखंडी वखर आला, सुताराचं काम बसलं. धुरे बारीक झाले, बाभळी वीटभट्टीत गेल्या. त्यांना अडवायला कागद नव्हता.

राखणीची दुसरी वाट गावाच्या हातात असते. सातपुड्याच्या पायथ्याशी पायविहीर गावाला 2012 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. उघड्या पडलेल्या रानाची राखण गावानं हाती घेतली, सीताफळं विकली, दोन वर्षांत संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा जैवविविधता पुरस्कारही घेतला. दर्यापूर-अकोटकडच्या सपाटीवरच्या गावाला तसा दावा करायला वनजमीनच नाही. गावाजवळ उरलेली आहे ती चराईची ई-क्लास, आणि ती महसूल खात्याच्या दप्तरात आहे. त्या ई-क्लासवर बाभूळबन लावायचा आणि राखायचा ठराव ग्रामसभांनी आता करावा, तहसीलदारांनी तो मान्य करावा आणि अनुसूचीत बाभूळ व कडुनिंब ही दोन नावं शासनानं वाढवावीत, एवढं माझं मागणं आहे.