इंडी म्हणजे काय रे भाऊ? मराठी अल्बमची चार सामन्यांची मालिका



'मराठीत इंडी रॉक आहे का?' असा प्रश्न ऑफिसातल्या एका लेबनीज सहकाऱ्याने टाकला आणि गेले काही दिवस तो डोक्यात किड्यासारखा वळवळतोय. घरातल्या पोरांना विचाराल तर त्यांच्या लेखी मराठी गाणी दोनच प्रकारची, आरत्या आणि लावण्या. म्हणजे प्रश्न वाटतो तितका फालतू नाही. आपण आखातात राहून पुढच्या पिढीला ऐकवणार काय, हाच तो प्रश्न.

आता इंजिनियर म्हटला की आधी व्याख्या. इंडी म्हणजे इंडिपेंडंट, पण कशापासून स्वतंत्र? १९७७ च्या जानेवारीत इंग्लंडमध्ये बझकॉक्स नावाच्या बँडने मित्रांकडून आणि घरच्यांकडून ५०० पौंड उसने घेऊन 'स्पायरल स्क्रॅच' ही तबकडी स्वतःच काढली. तिथे स्वातंत्र्य होतं ते मोठ्या कंपन्यांपासून. आपल्याकडे संगीतात मोठा भाऊ सिनेमा, त्यामुळे सिनेमाबाहेरचं ते सगळं इंडी. या देशी व्याख्येने पाहिलं तर आपलं अख्खं भावगीत इंडी ठरतं! १९७४ साली, शिवराज्याभिषेकाला ३०० वर्षं झाली तेव्हा आलेलं लता-हृदयनाथांचं 'शिवकल्याण राजा' घ्या. एकच विषय, वेगवेगळ्या शतकांतले कवी आणि मधूनमधून बाबासाहेब पुरंदऱ्यांचं निवेदन. पाश्चात्य मंडळी याला 'कॉन्सेप्ट अल्बम' म्हणून मिरवतात. पण तबकडी एचएमव्हीची, म्हणजे इंग्लिश व्याख्येने आपण नापास.

आणि रॉक? मुंबईत रॉक मशीन हा बँड १९८४ मध्ये उभा राहिला, पुढे १९९३ मध्ये त्याने इंडस क्रीड हे नाव घेतलं. त्याचा गिटारवाला महेश तिनईकर! १९८६ पासून इंडिपेंडन्स रॉक हा महोत्सव सुरू झाला आणि धोबीतलावच्या रंगभवनात तो वर्षानुवर्षं गाजला. म्हणजे गिटार आपल्या आडनावांच्या हातात होती, पण गाणी इंग्रजीत होती.

एवढी पार्श्वभूमी पुरे. आता मालिका. प्रत्येक सामन्यात दोन अल्बम आणि तीन चाचण्या. पहिली 'ट्रॅफिक टेस्ट', म्हणजे संध्याकाळच्या दुबई-शारजा रांगेत अल्बम टिकतो का. दुसरी 'शेजारी टेस्ट', म्हणजे मराठी न कळणाऱ्यापर्यंत तो पोचतो का. तिसरी 'खिसा टेस्ट', म्हणजे पैसा कोणाचा. पंच अस्मादिक.

पहिला सामना, १९९८: 'गारवा' विरुद्ध 'ब्रेथलेस'. एकीकडे मिलिंद इंगळे आणि सौमित्र, दुसरीकडे शंकर महादेवन आणि जावेद अख्तर. शंकर महादेवन हा आपल्या जातकुळीतला, कॉम्प्युटर इंजिनियर, सॉफ्टवेअरची नोकरी सोडून गाण्यात गेलेला. शिवाय श्रीनिवास खळ्यांकडे शिकलेला, म्हणजे अर्धा पॉइंट आपलाच :-) त्याच्या शीर्षकगीतात श्वास घ्यायला जागाच नाही, तर 'गारवा'त गाण्याआधी सौमित्र निवांत बोलतो आणि मग पाऊस पडतो. दुबईत वर्षाला सरासरी शंभर मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्यामुळे इथे 'गारवा' हा आयात केलेला दमटपणा आहे. ट्रॅफिकमध्ये 'गारवा' जिंकतो, शेजाऱ्याकडे 'ब्रेथलेस', आणि खिसा दोन्हीकडे कंपनीचा. सामना अनिर्णित.

दुसरा सामना: 'कंदिसा' (२०००) विरुद्ध 'ऐका दाजिबा' (२००२). इंडियन ओशनचा 'कंदिसा' दिल्लीचा, पण त्यातलं 'मा रेवा' नर्मदाकाठचं. गायक राहुल राम नर्मदा बचाओ आंदोलनात काम केलेला, आणि ती नर्मदा आपल्या नंदुरबार जिल्ह्याच्या वेशीवरून वाहते. समोर अवधूत गुप्ते आणि वैशाली सामंत, व्हिडिओत ईशा कोप्पीकर आणि मिलिंद गुणाजी. दाजिबाने मराठी पॉपला लग्नाच्या मांडवात मानाचं पान मिळवून दिलं हे कोणी नाकारणार नाही. पण 'कंदिसा'चं शीर्षकगीत म्हणजे केरळच्या सीरियन ख्रिश्चनांची अरामी भाषेतली जुनी प्रार्थना. आखातात, जिथे दर दोन टेबलांमागे एक मल्याळी बसतो, तिथे शेजारी टेस्टमध्ये याला हरवणार कोण? त्यात एकेक गाणं सात-आठ मिनिटांचं, ट्रॅफिकला अगदी मापाचं. इथेही पैसा दोन्हीकडे कंपनीचाच. सामना 'कंदिसा'च्या खिशात.

तिसरा सामना: 'आयुष्यावर बोलू काही' (२००३) विरुद्ध पुण्याच्या अग्नी बँडचा 'अग्नी' (२००७). अग्नीत गायक के. मोहन आणि गिटारवर 'कोको' म्हणजे कौस्तुभ ढवळे. हिंदी गातात, त्यामुळे शेजारी टेस्ट त्यांची. पण संदीप खरे आणि सलील कुलकर्णी यांनी जे केलं ते नीट पाहण्यासारखं आहे. एमपीथ्रीने कॅसेट-सीडीचा धंदा पोखरला होता त्या काळात त्यांनी तिकीट लावून, नाट्यगृहं भरवून आपल्याच नवीन कविता गायल्या. कॅसेट फुकट कॉपी होते, पण खुर्ची कॉपी होत नाही. अर्थशास्त्र हे एवढंच! आणि 'दमलेल्या बाबाची कहाणी' आखातात का लागली हे सांगायला नको. इथे बायको-मुलांना आणायचं तर व्हिसासाठी ठराविक पगार लागतो. ज्यांचा तेवढा नाही ते 'बॅचलर' म्हणून खोली वाटून राहतात, पोर तिकडे वाढतं. त्यांच्यासाठी हे गाणं म्हणजे महिन्याचा हिशेब. ट्रॅफिक आणि खिसा मराठीकडे. मालिका १-१.

अंतिम सामना: 'मराठी अभिमानगीत' (२०१०) विरुद्ध इंडस क्रीडचा 'इव्हॉल्व्ह' (२०१२). तिनईकर आणि मंडळी मोठ्या खंडानंतर परत आली, गिटार तशीच धारदार, आणि इंग्रजीमुळे शेजारी टेस्ट त्यांची. पण समोर बघा. मुंबईतल्या एफएमवर मराठी गाणी वाजत नव्हती, त्याला उत्तर म्हणून कौशल इनामदारने सुरेश भटांची कविता स्वरबद्ध केली. चारशेहून अधिक गायकांचा आवाज, आणि पैसा लोकांनी दिलेल्या छोट्या छोट्या रकमांचा. २७ फेब्रुवारी २०१० ला, मराठी भाषा गौरव दिनी, ते गीत प्रकाशित झालं. अमेरिकेत किकस्टार्टर त्याच्या जेमतेम वर्षभर आधी सुरू झालं होतं. पण आपल्याला नवीन काय त्यात? आपण याला वर्गणी म्हणतो आणि दर गणपतीला दारोदार फिरून ती गोळा करतो! चारशे आवाजांपुढे शारजाचे हॉर्नही ऐकू येत नाहीत, म्हणून ट्रॅफिकही यांचीच. मालिका मराठीने २-१ अशी जिंकली. (पंच पक्षपाती आहे ही तक्रार स्वीकारली जाईल, निकाल बदलणार नाही.)

आता जरा गंभीर. मराठी जिंकली तेव्हा निकाल कुठे ठरला? खिसा टेस्टमध्ये. रॉक की भावगीत, गिटार की पेटी, हा वाद चहाबरोबर बरा. ऐकणारा थेट पैसे मोजतो तेव्हा कलाकार कंपनीकडे किंवा सिनेमाकडे न बघता आपल्या भाषेत हवं ते करू शकतो. बझकॉक्सचं तेच, नाट्यगृहातल्या खुर्चीचं तेच, वर्गणीचंही तेच.

दुबईलाही हे लागू आहे. इथे २००४ मध्ये डेझर्ट रॉक महोत्सव सुरू झाला, २००७ मध्ये आयर्न मेडन येऊन गेले आणि लोकांनी दिरहम मोजून तिकिटं काढली. आपण मात्र मराठी कार्यक्रमाला 'पास मिळेल का?' असं आधी विचारतो. स्पॉटिफाय २०१८ पासून यूएईत आहे, गाणी बोटावर आहेत, पण कॅसेटच्या आतली घडीची चिठ्ठी गेली. गीतकार कोण, तबला कोणाचा, हे पोरांना कळणार कसं?

म्हणून दोन साध्या सूचना. घरी जुन्या मराठी कॅसेट असतील तर त्या डिजिटल करताना चिठ्ठीवरची नावंही टाइप करून ठेवा. आणि वर्षातून एक तरी नवा मराठी अल्बम किंवा कार्यक्रम, कोणाचाही असो, पूर्ण पैसे देऊन ऐका. गणपतीच्या वर्गणीतून दरसाल एका नव्या गाण्याचा खर्च काढता आला तर सोन्याहून पिवळं.

लेबनीज मित्राला मी 'आहे' असं उत्तर दिलंय. आता ते खरं ठेवणं आपल्या सगळ्यांच्या खिशात आहे.

आपला,
(ट्रॅफिकमध्ये अडकलेला) पंच