स्फटिकाचा वनवास

आपल्या सीमाभागात ‘ट्रान्झिस्टर’ म्हणजे खांद्याला अडकवायचा रेडिओ. मराठीत तेच, कन्नडमध्येही तेच. वास्तविक हे नाव रेडिओच्या पोटातल्या वाटाण्याएवढ्या एका भागाचे. त्याचा इतिहास वाचताना मी नेहमी १९०४ या सालापाशी थबकतो.

त्या वर्षी मार्चमध्ये कलकत्त्याच्या जगदीशचंद्र बोस यांना अमेरिकेत एक पेटंट मिळाले. पेटंटांविषयी उदासीन असलेल्या बोसांनी ते मित्रमंडळींच्या आग्रहाखातर घेतले होते. गॅलिना, म्हणजे शिशाच्या खनिजाचा स्फटिक, आणि त्याला टेकलेले बारीक टोक. एवढ्यावर बिनतारी लहरींची चाहूल लागे. त्याच वर्षी नोव्हेंबरात इंग्लंडमध्ये जॉन फ्लेमिंग यांनी काचेच्या निर्वात नळीच्या, म्हणजे व्हॉल्व्हच्या, पेटंटसाठी अर्ज केला. तापलेल्या तारेतून सुटलेले इलेक्ट्रॉन तीत एकाच दिशेने जात. काम एकच, वाटा दोन.

जिंकला व्हॉल्व्ह. स्फटिकावरची नेमकी जागा हाताने चाचपून शोधावी लागे. जरा धक्का बसला की ती हरवे. शिवाय क्षीण संदेश मोठा करणे त्याला जमत नव्हते. १९०६ मध्ये ली डी फॉरेस्ट यांनी नळीत तिसरे अग्र बसवले आणि पुढे व्हॉल्व्हला ते साधले. रेडिओ, लांब पल्ल्याचे टेलिफोन त्यावरच उभे राहिले. पण व्हॉल्व्ह तापे, वीज खाई, जळे. १९४६ मध्ये जाहीर झालेल्या एनियाक संगणकात असे सुमारे १८,००० व्हॉल्व्ह होते!

इकडे १९३१ मध्ये ॲलन विल्सन यांनी अर्धवाहकांचा सिद्धांत मांडला होता. महायुद्धात रडारसाठी जर्मेनियम व सिलिकॉन शुद्ध करण्याची विद्या वाढली. डिसेंबर १९४७ मध्ये अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेत बार्डीन आणि ब्रॅटन यांनी जर्मेनियमच्या तुकड्यावर सोन्याची दोन टोके टेकवली आणि संदेश मोठा झाला. स्फटिक आणि टेकलेले टोक, मांडणी बोसांच्या ओळखीचीच! ती पाहायला मात्र ते नव्हते. १९३७ मध्येच निवर्तले होते.

‘बोस पहिले’ एवढे म्हणून आपण समाधान मानतो. मला ते अपुरे वाटते. स्फटिक असा का वागतो हे सांगणारे शास्त्र १९०४ मध्ये जन्मलेच नव्हते. शुद्ध पदार्थही हाती नव्हता. कल्पनेला सिद्धांत, शुद्ध द्रव्य आणि कारखाना, तिन्ही भेटावे लागतात. मुलांना बोसांचे नाव जरूर सांगावे. पण मधल्या त्रेचाळीस वर्षांचा हिशेबही सांगावा.