खाजणाचा बांध आणि मानशीचे दार



इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे किल्ले, लढाया आणि राजघराण्यांच्या वंशावळी उभ्या राहतात. आज मी ज्या बांधकामाविषयी बोलणार आहे ते चिखलाचे आहे, आणि त्यावर कोणत्याही राजाचे नाव कोरलेले नाही. तरीही गोमंतकातील कित्येक पिढ्यांचा भात आणि भातावरची आमटी या दोहोंची सोय त्याने केली. मी खाजणाच्या बांधाविषयी बोलत आहे.

भात आणि मासे एकाच शेतात घेतल्यास लहान शेतकऱ्याची उपजीविका सुधारते, असे आजचे शेतीतज्ज्ञ सांगतात. ते खरेही आहे. पण ही युक्ती आपल्या किनाऱ्यावर फार जुनी आहे, आणि ती कशी टिकली व पुढे कशी मोडली, हे पाहिल्याखेरीज नव्या योजनेला पाया मिळणार नाही.

मांडवी, जुवारी आणि त्यांच्या उपनद्या यांत भरतीचे खारे पाणी मैलोगणती आत शिरते. या नद्यांच्या काठची सखल जमीन भरतीच्या पातळीहूनही खाली असते. अशा जमिनीला बांध घालून तिचे शेत करावे, तेच खाजण. डोंगरउताराची मोरोड, मधली रेताड खेर आणि तळची खाजण अशी गोव्यातील भातशेतीची तीन अंगे आहेत. खाजणांचे क्षेत्र सुमारे १८,००० हेक्टर सांगतात. एवढ्या लहान प्रदेशात ही फार मोठी गोष्ट आहे.

या उद्योगाचे वय किती? फोंडा तालुक्यातील बांदोडे येथे सापडलेल्या मौर्य राजा अनिर्जितवर्मा याच्या ताम्रपटात ‘खज्जन’ जमिनीच्या दानाचा उल्लेख आहे. खारे पाणी बांधाने अडवून ती जमीन लागवडीस आणावी, असा त्यातील आशय आहे. हा लेख सहाव्या-सातव्या शतकाच्या सुमाराचा मानतात. म्हणजे पोर्तुगीज गोव्यात उतरले त्याच्या कित्येक शतके आधी आपले लोक समुद्राकडून जमीन मागून घेत होते.

आता त्याची रचना पाहू. बांध मातीचा, आत गवतपेंढा, आणि जिथे पाण्याचा मार अधिक तिथे जांभ्या दगडाचे अस्तर. बाहेरच्या अंगाला खारफुटीची झाडे लाटांचा जोर मोडतात. बांधात एका जागी लाकडी दारांची मोरी असते, तिला मानस म्हणतात. भरतीचे पाणी चढू लागले की त्याच्याच दाबाने दारे मिटतात; ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या दाबाने उघडतात. पाणी आत घ्यावयाचे असेल तेव्हा माणूस ती दारे हाताने उघडी ठेवतो. मानशीच्या आत पोंय नावाचा ओढा शेतातून वळणे घेत जातो.

पावसाळ्यात मृगाच्या सरी जमिनीतला खार धुऊन काढतात. मग कोरगुटासारखे खार सोसणारे भात पेरतात. आश्विनाच्या सुमारास कापणी झाली की काही खाजणांत मानस उघडून खाडीचे पाणी आत घेतात. त्याबरोबर कोळंबी, शेवटे, चोणक यांची पिले येतात. धसकटे आणि किडे यांवर वाढतात. त्यांची विष्ठा आणि पाण्याबरोबर आलेला गाळ जमिनीला खत होतो, आणि खाऱ्या पाण्याने तणही मरते. अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या ओहोटीला मानशीच्या तोंडाशी जाळे लावले की मासळी आपण होऊन जाळ्यात येते. विकतचे खाद्य नाही, विकतचे बी नाही. केरळातील पोक्काळी शेतातही भात आणि कोळंबी यांची अशीच पाळी असते.

परंतु श्रोतेहो, ही झाली युक्ती. मला अधिक महत्त्वाची वाटते ती तिच्यामागची व्यवस्था. मानशीचे दार कधी उघडावे, या एका प्रश्नावर भात पिकविणारा आणि मासे धरणारा यांचे हित परस्परविरोधी आहे. एकाला खारे पाणी नको, दुसऱ्याला ते हवे. हा तंटा गावकरी या ग्रामसंस्थेने सोडविला. जमीन गावाची, शेतांचा लिलाव ठरावीक मुदतीने होई. मानशीवरील मासेमारीचाही लिलाव होई, आणि त्याचे उत्पन्न त्याच संस्थेच्या तिजोरीत येई जिच्या अंगावर बांधाची दुरुस्ती होती. भात पहिले, मासळी दुसरी, आणि दोन्हींच्या आधी बांध, असा हा क्रम होता. अफोंस मेशिय याने १५२६ साली गावकरीचे जुने रिवाज एका सनदेत नोंदवून घेतले. पोर्तुगीज सत्तेने या संस्थेवर आपली देखरेख बसविली, १९०४ साली तिची संहिता केली. पण बांधाचे काम गावाकडेच राहिले.

ही व्यवस्था न्याय्य होती, असे मात्र मी म्हणणार नाही. गावकरीचा वाटा मूळ घराण्यांच्या पुरुषांकडे जाई. कमरेएवढ्या चिखलात उभे राहून ज्यांनी बांध घातले, त्या कष्टकऱ्यांना आणि स्त्रियांना तिच्या सभेत स्थान नव्हते. म्हणून १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाल्यावर १९६४ साली कूळकायदा आला आणि कसणाऱ्याला संरक्षण मिळाले, ते योग्यच झाले. परंतु शेत एकेकाचे असते. बांध कोणा एकाचा नसतो. गावकरीचा खंड आटला, तशी दुरुस्तीची तिची ऐपत आणि आस्थाही आटली. कायद्याने कुळांच्या संघटनांवर ती जबाबदारी टाकली. काही संघटनांनी ती निभावली, अनेकांना ती पेलली नाही.

त्याच सुमारास परदेशात कोळंबीला भाव चढला. मानशीच्या लिलावाची बोली शेताच्या उत्पन्नाला मागे टाकू लागली. मग दारे अवेळी उघडी राहू लागली. कुठे बांध फुटला तो फुटलाच राहिला, कुठे तो मुद्दाम फोडल्याच्या तक्रारी झाल्या. खनिजाच्या बार्जेसच्या लाटांनी बांध खचले, ते वेगळेच. एकदा शेतात खारे पाणी कायमचे आले की भात जाते, खारफुटी माजते, आणि मागे उरतो तो ठेकेदाराचा तलाव. २०११ च्या किनारी नियमन अधिसूचनेत खाजणांच्या रक्षणासाठी खास तरतूद झाली. पण कायदा बांधावर चिखल टाकू शकत नाही.

आपल्या रायगड जिल्ह्याच्या खारेपाटातही हीच कथा थोड्या फरकाने आहे. तिथे मानशीला उघाडी म्हणतात, आणि चोणकाला जिताडा. घराजवळच्या तळ्यात जिताडा पोसणारा आणि बांधाबाहेरच्या समुद्रावर डोळा ठेवून भात लावणारा शेतकरी अलिबाग-पेणकडे आजही भेटतो. मुंबई सरकारने १९४८ साली खारजमिनींसाठी कायदा करून बांधाचे काम सरकारी यंत्रणेकडे आणले. त्याने पैसा आला. पण रात्री भरतीच्या वेळी बांधावरून फेरी मारणारा गावचा माणूस कोणत्याही अंदाजपत्रकात बसत नाही.

भातशेतीत मासे सोडण्याच्या योजना आज जागोजागी आखल्या जातात. बी, जाळी, अनुदान, सर्व काही त्यांत असते. त्या आखणाऱ्यांना खाजणाचा इतिहास एवढेच विचारतो: दाराची किल्ली कोणाकडे राहणार, आणि मासळीच्या रुपयातला कितवा हिस्सा बांधाकडे परत जाणार? जुन्या गावकरीने या प्रश्नांची उत्तरे दिली, पण सभेत सर्वांना बसू दिले नाही. आपल्याला सभा सर्वांची करावयाची आहे आणि उत्तरेही शोधावयाची आहेत. तोवर भरती दिवसातून दोनदा येतच राहील. आपली सभा भरेपर्यंत ती थांबत नाही.