धार्मिक अवमान व अल्पसंख्याकांचे कायदेशीर संरक्षण

एखाद्या व्यक्तीस अगर समूहास केवळ धर्माच्या कारणावरून हक्क, सेवा किंवा संधी नाकारणे म्हणजे धार्मिक भेदभाव. तर एखाद्या धर्माची, त्यातील पूजनीय विभूतींची किंवा त्याच्या अनुयायांची वाणी, लेखन, चित्र इ. साधनांनी विटंबना करणे म्हणजे धार्मिक अवमान होय. या दोहोंची झळ कोणत्याही धर्मीयांस लागू शकते; परंतु ज्यांचे संख्याबल व राजकीय बळ तोकडे असते, अशा अल्पसंख्य समाजास त्यांविरुद्ध कायद्याखेरीज दुसरा आधार क्वचितच असतो. हे संरक्षण देण्याच्या दोन पद्धती जगभर आढळतात. पहिलीत श्रद्धेला म्हणजेच धार्मिक भावनांना, तर दुसरीत श्रद्धा बाळगणाऱ्या माणसाला संरक्षण मिळते. भारतातील या विषयाच्या कायद्यांचा इतिहास हा या दोन पद्धतींमध्ये समतोल साधण्याच्या प्रयत्नांचा इतिहास आहे.

इंग्लंडमधील धर्मनिंदेचा कायदा : भारतात ब्रिटिशांनी संहिताबद्ध कायदे केले, तेव्हा त्यांच्या मायदेशी धर्मनिंदा हा प्रथासिद्ध विधीनुसार गुन्हा होता, मात्र या कायद्याचे छत्र राजमान्य अँग्लिकन चर्चच्या शिकवणुकीपुरतेच होते. ज्यू, मुसलमान इ. धर्मीयांना त्याचा लाभ नव्हता. ही विषमता दीर्घकाळ टिकली. सलमान रश्दी यांच्या द सॅटॅनिक व्हर्सेस या कादंबरीविरुद्ध धर्मनिंदेचा खटला भरण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा हा कायदा फक्त ख्रिस्ती धर्मासाठी आहे, असा निर्णय तेथील न्यायालयाने दिला. पुढे २००६ मध्ये धर्माच्या आधारे द्वेष चेतविणाऱ्या धमकीवजा कृत्यांविरुद्ध स्वतंत्र अधिनियम झाला आणि २००८ मध्ये इंग्लंड व वेल्समध्ये धर्मनिंदेचा जुना गुन्हा रद्द करण्यात आला.

भारतीय दंडसंहिता : टॉमस बॅबिंग्टन मेकॉले यांच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने १८३७ मध्ये दंडसंहितेचा मसुदा सादर केला. अनेक धर्मांच्या या देशात कोणत्याही एका धर्माला राजधर्म म्हणून संरक्षण देणे शासनाला शक्य नव्हते. म्हणून प्रत्येकास आपला धर्म आचरण्याची मोकळीक असावी आणि दुसऱ्याच्या धर्माचा अपमान करण्याची मुभा कोणासही नसावी, हे तत्त्व मसुद्यात स्वीकारण्यात आले. १८६० मध्ये संमत होऊन १ जानेवारी १८६२ पासून अंमलात आलेल्या संहितेच्या पंधराव्या प्रकरणात ते उतरले. प्रार्थनास्थळाची नासधूस किंवा विटाळणूक (कलम २९५), धार्मिक मेळाव्यात व्यत्यय (२९६), दफनभूमी इ. ठिकाणी अतिक्रमण (२९७) आणि धार्मिक भावना दुखावण्याच्या हेतूने शब्द उच्चारणे वा हावभाव करणे (२९८) हे गुन्हे ठरले. सर्व धर्मांना एकाच मापाने मोजणारी ही व्यवस्था तत्कालीन इंग्रजी कायद्याच्या पुढे गेलेली होती.

तीत एक उणीव मात्र होती. कलम २९८ समक्ष उच्चारलेल्या शब्दांपुरते मर्यादित होते. छापील मजकूर त्याच्या कक्षेत येत नव्हता. मुद्रणाचा प्रसार झाल्यावर ही उणीव जाणवणे अपरिहार्य होते. मुंबई शहराने याची झळ आधीच सोसली होती. १८५१ मध्ये एका गुजराती नियतकालिकाने प्रेषित मुहंमद यांचे चित्र छापल्यावरून, तर १८७४ मध्ये एका पारशी गृहस्थाच्या पुस्तकातील प्रेषितांविषयीच्या मजकुरावरून पारशी वस्त्यांवर हल्ले झाले. लेखन एकाचे आणि त्याचा मार मात्र साऱ्या लहान समाजाला, असे या दंगलींचे स्वरूप होते. १८९८ मध्ये संहितेत कलम १५३ अ घालून निरनिराळ्या वर्गांत वैरभाव वाढविणे हा गुन्हा ठरविण्यात आला.

१९२७ ची दुरुस्ती : पंजाबात आर्यसमाजी व मुस्लिम प्रचारक यांच्यातील खंडनमंडन विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात अतिशय कडवट झाले. १९२४ मध्ये लाहोर येथील प्रकाशक राजपाल यांनी रंगीला रसूल ही प्रेषितांच्या खाजगी जीवनावर टीका करणारी पुस्तिका प्रसिद्ध केली. कलम १५३ अ अन्वये त्यांच्यावर खटला झाला व कनिष्ठ न्यायालयाने त्यांना दोषी ठरविले. मे १९२७ मध्ये मात्र लाहोर उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती दिलीपसिंग यांनी त्यांची मुक्तता केली. हे कलम हयात समाजांतील वैर रोखण्यासाठी आहे, दिवंगत धर्मपुरुषांवरील टीका थांबविण्यासाठी नाही, असा त्यांचा अभिप्राय होता. पुस्तिकेचा सूर त्यांनाही निंद्य वाटला होता. त्याच वर्षी अमृतसरच्या रिसाला-इ-वर्तमान या मासिकावरील खटल्यात याच न्यायालयाच्या खंडपीठाने कलमाचा अर्थ व्यापक धरून आरोपींना शिक्षा दिली. कायद्याविषयीची ही संदिग्धता आणि पंजाबातील प्रक्षोभ लक्षात घेऊन सरकारने केंद्रीय विधिसभेत विधेयक मांडले आणि १९२७ च्या २५ व्या अधिनियमाने कलम २९५ अ अस्तित्वात आले.

विधेयकावरील चर्चेत दोन्ही बाजूंची चिंता व्यक्त झाली. मुहंमद अली जिना यांनी अवमानास आळा घालण्याची गरज मान्य केली. परंतु इतिहाससंशोधन आणि प्रामाणिक धर्मचिकित्सा करणाऱ्यांना या कायद्याचा जाच होता कामा नये, असे त्यांनी आग्रहाने प्रतिपादिले. कलमाच्या शब्दरचनेत ही सावधगिरी दिसते. नुसता अपमान पुरेसा नाही. तो एखाद्या वर्गाच्या धार्मिक भावनांवर आघात करण्याच्या ‘बुद्धिपुरस्सर व दुष्ट’ हेतूने झालेला असला पाहिजे. शिवाय शासनाच्या पूर्वमंजुरीखेरीज न्यायालयाने अशा गुन्ह्याची दखल घेऊ नये, अशीही तरतूद आहे. कायदा झाला तरी प्रक्षोभ शमला नाही. एप्रिल १९२९ मध्ये राजपाल यांची हत्या झाली आणि त्याच वर्षी मारेकऱ्यास फाशी देण्यात आली.

संविधान व न्यायनिर्णय : स्वतंत्र भारताच्या संविधानाने माणसाला संरक्षण देणारी दुसरी पद्धती पायाभूत मानली. अनुच्छेद १५ व १६ अन्वये राज्यसंस्थेस धर्माच्या कारणावरून भेदभाव करण्यास मनाई आहे. दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, रस्ते यांच्या वापराबाबत तर खाजगी व्यक्तींवरही बंधन आहे. अनुच्छेद २५ ते २८ धर्मस्वातंत्र्याची, तर २९ व ३० अल्पसंख्याकांची संस्कृती व शिक्षणसंस्था यांची हमी देतात. मात्र घरभाडे, खाजगी नोकरी यांसारख्या व्यवहारांत धार्मिक भेदभावास मनाई करणारा सर्वसमावेशक केंद्रीय कायदा झालेला नाही. सभासदत्व पारशी समाजापुरते ठेवणारा अहमदाबादच्या एका गृहनिर्माण संस्थेचा नियम सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये वैध ठरविला. लहान समाजाला स्वतःची वस्ती राखण्याची मुभा देणारे हेच तत्त्व उलट बाजूने त्याला इतरांच्या वस्तीत जागा नाकारण्यासही उपयोगी पडू शकते.

शासनाच्या नियमांतही धर्मावरून भेद शिल्लक राहिल्याचे महाराष्ट्राने अनुभवले. अनुसूचित जातींविषयीच्या १९५० च्या राष्ट्रपती-आदेशाने तो दर्जा हिंदूंपुरता व शिखांतील काही जातींपुरता मर्यादित ठेवला होता. त्यामुळे १९५६ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्यासमवेत व त्यांच्यामागून बौद्ध धर्म स्वीकारणारे लक्षावधी लोक केंद्रीय सवलतींना मुकले. बौद्धांना हा दर्जा १९९० च्या दुरुस्तीने मिळाला; मुसलमान व ख्रिस्ती झालेल्या दलितांना तो त्यानंतरही मिळालेला नाही.

कलम २९५ अ हे भाषणस्वातंत्र्याशी सुसंगत आहे काय, हा प्रश्न रामजीलाल मोदी खटल्यात (१९५७) सर्वोच्च न्यायालयापुढे आला. अजाणता वा निष्काळजीपणे झालेला अपमान या कलमाखाली येत नाही. केवळ बुद्धिपुरस्सर व दुष्ट हेतूने केलेला, अवमानाचा तीव्र प्रकारच दंडनीय आहे आणि त्याचा सार्वजनिक सुव्यवस्थेशी संबंध असल्याने निर्बंध वाजवी ठरतो, असा निर्णय पाच न्यायमूर्तींच्या पीठाने दिला. या कलमाखालील कारावासाची कमाल मुदत १९६१ मध्ये दोनवरून तीन वर्षे करण्यात आली. महेंद्रसिंग धोनी यांच्यावरील फिर्याद रद्द करताना २०१७ मध्ये न्यायालयाने हेतूची आवश्यकता पुन्हा अधोरेखित केली. तरीही पोलीस तक्रार आणि चौकशी हीच अनेकदा लेखकाला, कलावंताला व अल्पसंख्य मताच्या माणसाला शिक्षेसारखी भोगावी लागते. कारण हेतूची तपासणी बरीच नंतर होते.

पाकिस्तानातील वेगळे वळण : फाळणीनंतर हीच दंडसंहिता पाकिस्तानच्याही वाट्यास आली. जनरल झिया-उल-हक यांच्या राजवटीत तीत कुराणाच्या विटंबनेबद्दल २९५ ब (१९८२) व प्रेषितांच्या अवमानाबद्दल २९५ क (१९८६) ही कलमे वाढविण्यात आली. १९८४ च्या अध्यादेशाने अहमदियांना स्वतःस मुसलमान म्हणविणे वा आपल्या प्रार्थनास्थळास मशीद म्हणणे हाही गुन्हा ठरला. कलम २९५ क मध्ये दुष्ट हेतूची अट नाही व संरक्षणही एकाच धर्माच्या श्रद्धेला आहे. शिक्षा मात्र देहान्ताची आहे. परिणामी, मुळात सर्वांना समान आसरा देण्यासाठी रचलेले प्रकरण तेथे ख्रिस्ती, हिंदू, अहमदिया इ. अल्पसंख्याकांविरुद्ध वापरले जाऊ लागले.

सद्यःस्थिती : १ जुलै २०२४ पासून भारतीय दंडसंहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. जुने कलम २९५ अ तीत २९९ म्हणून, तर १५३ अ हे १९६ म्हणून कायम आहे. विधी आयोगाने आपल्या २६७ व्या अहवालात (२०१७) द्वेष चेतविणे आणि भीती पसरविणे वा हिंसेस चिथावणी देणे यांबद्दल स्वतंत्र कलमांची शिफारस केली होती. नव्या संहितेत ती त्या स्वरूपात आलेली नाहीत. भारताने १९७९ मध्ये स्वीकारलेल्या नागरी व राजकीय हक्कांविषयीच्या आंतरराष्ट्रीय करारातही भावना दुखावण्यापेक्षा भेदभाव, वैर व हिंसा यांस दिलेली चिथावणी हाच मनाईचा निकष आहे.

या इतिहासावरून असे दिसून येते, की धार्मिक अवमानाविरुद्धचा कायदा अल्पसंख्याकांना उपकारक ठरावयाचा, तर तो सर्व धर्मांस समान असणे, हेतूची कसोटी काटेकोरपणे लावली जाणे आणि त्यास भेदभावविरोधी हक्कांची जोड असणे आवश्यक ठरते. यांपैकी एक जरी अंग दुबळे झाले, तरी ज्यांच्या रक्षणासाठी कायदा केला, त्यांनाच त्याची भीती वाटू लागते.