जीपगाडीचे इंजिनांतर : एका उपेक्षित इतिहासाचे स्मरण

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी इतिहासावर काही लिहावे, असा संपादक मंडळाचा निरोप आला. नागपूरकर भोसल्यांचा छत्तीसगडावरील अंमल, रतनपूरचे बिंबाजी भोसले, १८१८ नंतर रायपूरला आलेले महत्त्व या विषयांवर जाणकारांनी पुष्कळ लिहिले आहे. केंद्र सरकारच्या नोकरीत फायलींवर शेरे मारण्यात हयात घालविलेल्या माझ्यासारख्या बी. ए. माणसाने त्यात भर ती काय घालावी? म्हणून ज्याचा इतिहास सहसा कोणी लिहीत नाही, परंतु जो या शहरातील गॅरेजांच्या छपरांखाली प्रत्यक्ष घडला, असा एक विषय मी निवडला आहे. तो म्हणजे जुन्या जीपगाड्यांचे इंजिन बदलण्याचा.

जीप ही दुसऱ्या महायुद्धाची संतती. अमेरिकेतील टोलेडो येथील विलीज कंपनीत बार्नी रूस नावाच्या अभियंत्याने एका साध्या मोटारीचे इंजिन सुधारून त्याची ताकद ४८ वरून ६० अश्वशक्तीवर नेली. २,१९९ घनसेंटिमीटरचे हेच पेट्रोल इंजिन पुढे युद्धातील जीपला लाभले. युद्धकाळात भारतीय पुरवठा मंडळाच्या कामासाठी वॉशिंग्टन येथे असलेल्या के. सी. महिंद्र यांच्या नजरेत ही गाडी भरली. १९४५ साली मुंबईत ‘महिंद्र अँड मोहम्मद’ ही कंपनी स्थापन झाली. भागीदार गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ साली कंपनीचे नाव ‘महिंद्र अँड महिंद्र’ असे बदलले. सुटे भाग आणून जीप जोडण्याचे काम तिने आरंभिले आणि हळूहळू ही गाडी देशीच झाली. आपल्याला परिचित असलेल्या महिंद्र जीपचे बॉनेट उंच का, असा प्रश्न लहानपणी मला पडे. झडपांची रचना बदललेले नवे इंजिन जुन्यापेक्षा उंच होते, त्यासाठी बॉनेटही उंच करावे लागले, हे त्याचे साधे उत्तर. इंजिन बदलले की त्याच्याभोवतीचे सारेच बदलावे लागते, हा धडा प्रत्यक्ष कारखान्यानेच असा घालून दिला होता.

आपल्या भागात जीपचे महत्त्व काय वर्णावे! १९५८ साली पूर्व बंगालच्या निर्वासितांसाठी दंडकारण्य प्रकल्प सुरू झाला. १९६४ पासून रायपूरजवळच्या माना छावणीत निर्वासितांचे लोंढे आले. बैलाडिल्याच्या लोहखनिजाचा शोध, जंगलखाते, मोजणी, देवीच्या लशी, निवडणुकीच्या पेट्या या साऱ्या कामांना बस्तरच्या वाटांवर चार चाकांनी ओढणारी हीच एक गाडी होती.

तिचा एकच दोष, तो म्हणजे तहान. ऑक्टोबर १९७३ मध्ये पश्चिम आशियातील युद्ध भडकले आणि काही महिन्यांत खनिज तेलाचा भाव पिंपामागे सुमारे ३ डॉलरवरून सुमारे १२ डॉलरवर गेला. सरकारी जीपला पेट्रोल सरकार घाली; परंतु लिलावात जुनी जीप घेणाऱ्या गृहस्थाची मात्र कंबर मोडली. डिझेल तुलनेने स्वस्त होते आणि डिझेल इंजिन त्याच अंतराला इंधनही कमी घेई. खुद्द महिंद्र कंपनीने इंटरनॅशनल हार्वेस्टर ट्रॅक्टरच्या घराण्यातील सुमारे २,३५० घनसेंटिमीटरचे डिझेल इंजिन जीपमध्ये बसविले. पुढे १९७९ साली फ्रान्सच्या प्यूजो कंपनीशी करार होऊन ९० मिलिमीटर व्यासाच्या चार सिलिंडरांचे २,११२ घनसेंटिमीटरचे इंजिन आले व इगतपुरीच्या कारखान्यात तयार होऊ लागले.

कारखान्याने जे शास्त्रोक्त केले, ते मिस्त्रींनी हिकमतीने केले. कोणी ट्रॅक्टरचे, कोणी मॅटाडोरचे, तर कोणी पर्किन्सचे इंजिन जुन्या जीपमध्ये घातले. काम वरवर सोपे दिसे. पेट्रोल इंजिन साखळीने वर उचलायचे, नवे खाली सोडायचे, मधे जाड पोलादी पाट्याचा जोड देऊन ते जुन्या गेअरपेटीला जोडायचे. खरी मेख पुढेच होती. विलीजचे इंजिन मिनिटाला ४,००० फेऱ्यांपर्यंत पूर्ण ताकद देई. डिझेल ३,०००च्या आसपासच थके. जीपच्या मागच्या क्राउन-पिनियनचे प्रमाण ५.३८ चे. त्या हिशेबाने वरच्या गेअरमध्ये पेट्रोल इंजिनावर ताशी सुमारे १०० किलोमीटर निघत, तेथे डिझेलवर सुमारे ७५ निघत. वेग हवा असेल तर क्राउन-पिनियन बदलावयास हवे. शिवाय डिझेल वजनाला जड, म्हणून पुढच्या कमानी व ब्रेक मजबूत हवेत. त्याचा दाब पेट्रोलच्या जवळजवळ तिप्पट, म्हणून जुन्या ६ व्होल्टच्या जागी १२ व्होल्टची बॅटरी व दमदार स्टार्टर हवा. आणि सर्वांत नाजूक बाब म्हणजे इंजिनाचा दांडा व गेअरपेटीचा दांडा एका रेषेत यावयास हवेत. त्यात केसभर फरक पडला, तरी भार आल्यावर गेअर आपोआप सुटतो.

हे ज्ञान मला पुस्तकातून मिळालेले नाही. १९८० नंतरच्या दशकात माझ्या वडिलांनी दोन स्नेह्यांच्या भागीदारीत लिलावातली एक जीप घेतली. मी तेव्हा शाळेत होतो. पैसे संपत आले म्हणून इंजिन तेवढे बदलले. गेअरपेटी, ब्रेक, कमानी जुन्याच ठेवल्या. ‘‘पुढच्या वर्षी करू,’’ असे वडील म्हणाले. जगदलपूरहून परतताना केशकालच्या घाटात, बारा वळणांपैकी तिसऱ्या-चौथ्या वळणावर, दुसरा गेअर सुटला. इंजिनाचा आवाज एकदम हलका झाला, तो मला आजही ऐकू येतो. ब्रेक तापून निकामी झाले. वडिलांनी गाडी डोंगराच्या अंगाला घासून थांबविली. आईचा उजवा हात मोडला. तो पुढे सरळ झाला नाही; त्या हाताने तिला कणीक मळता येईना. वडिलांनी त्या दिवसानंतर जीप चालविली नाही, आणि आईने त्यांना एका शब्दानेही दोष दिला नाही. ते मौन वडिलांना किती जड गेले असेल, हे मला स्वतःचा संसार झाल्यावर उमगले.

जुन्या मोटार कायद्यातही अशा बदलाची नोंद करणे आवश्यक होते. १९८८ च्या कायद्याच्या कलम ५२ ने बंधने अधिक स्पष्ट झाली आणि जानेवारी २०१९ मध्ये, निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने बजावले. हौशी मंडळींना हे जाचक वाटते. मी स्वतः नियमांच्या राज्यात नोकरी केलेला माणूस. नियमांचा जाच मलाही ठाऊक आहे. परंतु केशकालचा तो घाट आठवला की या नियमामागचे कारण मला वेगळे शोधावे लागत नाही.

तरीही त्या मिस्त्रींना कमी लेखू नये. तंत्रशाळेची पायरी न चढलेल्या त्या माणसांनी अपुऱ्या साधनांनिशी देशातील हजारो गाड्या भंगारातून वाचविल्या. चूक त्यांच्या हिकमतीची नव्हती. अर्ध्यावर काम थांबविणाऱ्या आमच्या हिशेबाची होती.

वाचकहो, आपल्या मंडळालाही पन्नास वर्षे झाली. तरुण मंडळी उमेदीने कारभार हाती घेत आहेत; नव्या इंजिनाची गरज आहेच आणि ते स्वागतार्हही आहे. परंतु नवी ताकद चाकांपर्यंत पोचवावयाची, तर मधले सांधेही नव्याने जुळवावे लागतात. त्या कामाला वेळ लागतो, खर्च येतो आणि त्याचे छायाचित्र कोणी काढीत नाही. ते काम मात्र ‘पुढच्या वर्षी’वर टाकू नये, एवढीच एका जुन्या जीपच्या मागच्या बाकावर बसलेल्या मुलाची विनंती.